एकमेकांवर अवलंबून असलेली स्पेसिफिकेशन्स एकत्र रिलीज करताना वेळापत्रक कसे आखावे?

मसुदाकार (प्रश्न)

नमस्कार. गोदामात ठेवलेल्या शेतमालाच्या इलेक्ट्रॉनिक पावत्या आणि त्या पावत्यांवर मिळणारे कर्ज यांची माहिती गोदामे, बँका आणि खरेदीदार यांच्या संगणकांमध्ये एकाच पद्धतीने यावी-जावी, यासाठी काही कंपन्यांनी मिळून सहा स्पेसिफिकेशन्स तयार केली आहेत. डेटा मॉडेल, ओळख आणि अधिकार, संदेशांची रचना, पावतीचे हस्तांतर आणि घटनांच्या सूचना ही त्यांतली पाच आहेत. सहावे स्पेसिफिकेशन या पाचांच्या नेमक्या कोणत्या आवृत्त्या एकत्र वापरायच्या ते सांगते, म्हणून त्याला आम्ही छत्री म्हणतो. प्रत्येकाचा संपादक वेगळा आहे, गट वेगळा आहे आणि संपादकांच्या कंपन्याही वेगळ्या आहेत. पहिल्या आवृत्तीच्या वेळी सगळे लोक एकाच खोलीत बसून लिहीत होते, त्यामुळे वेळापत्रकाचा प्रश्न कधी आलाच नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या समन्वयाचे काम आता माझ्याकडे आले आहे आणि इथे गाडे अडले आहे.

ओळख आणि अधिकारांचा मसुदा पूर्ण झाला आहे व त्याचे संपादक तो लगेच प्रसिद्ध करू इच्छितात. डेटा मॉडेलच्या गटाला मालाच्या प्रतवारीच्या भागासाठी आणखी काही महिने हवे आहेत. संदेशरचना डेटा मॉडेलमधील व्याख्यांवर उभी आहे आणि डेटा मॉडेल उलट संदेशरचनेतील त्रुटी-संकेतांच्या तक्त्याचा आधार घेते, त्यामुळे हे दोन्ही गट ‘आधी तुमचे होऊ द्या, मग आमचे’ असे एकमेकांना सांगत आहेत. हस्तांतर आणि सूचना हे दोन्ही मसुदे संदेशरचनेवर अवलंबून आहेत. सुकाणू समितीची मागणी मात्र एकच आहे: सहाही स्पेसिफिकेशन्स एकाच दिवशी बाहेर पडली पाहिजेत, म्हणजे अंमलबजावणी करणाऱ्या कंपन्यांचा गोंधळ होणार नाही.

ज्यांनी अशा परस्परावलंबी स्पेसिफिकेशनांवर काम केले आहे किंवा मोठ्या प्रमाण-संस्थांची पद्धत जवळून पाहिली आहे, त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचे आहे की सर्वांसाठी एक तारीख धरावी, की जे तयार होईल ते प्रसिद्ध करत जावे. एकमेकांत अडकलेले दोन मसुदे कसे सोडवावेत, हेही सांगावे. चाचण्यांचा संच या वेळापत्रकात कुठे बसवायचा, याचाही आमच्याकडे अद्याप विचार झालेला नाही.

सर्व्हर_बाजू

समितीची मागणी आणि ओळख-गटाच्या संपादकांची घाई या दोन्ही रास्त आहेत, कारण त्यांना दोन निराळ्या गोष्टी हव्या आहेत. संपादकांना आपल्या मसुद्यातले तांत्रिक बदल थांबल्याचे जाहीर व्हायला हवे आहे, आणि समितीला सहाही मसुद्यांवर अंतिम शिक्का एकत्र बसायला हवा आहे. या दोन गोष्टींच्या तारखा वेगळ्या धरल्या की निम्मा वाद मिटतो.

माझे काम जकार्ता ईईवर, म्हणजे जावा भाषेतल्या सर्व्हर-प्रोग्रामांसाठीच्या स्पेसिफिकेशनांच्या संचावर, चालणाऱ्या सर्व्हरचे आहे, आणि आपली स्थिती वाचताना मला तिथलेच चित्र दिसले. हा संच सांभाळणाऱ्या एक्लिप्स फाउंडेशनमध्ये सर्व्लेट, सीडीआय, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन, फेसेस अशी अनेक स्पेसिफिकेशन्स स्वतंत्र गटांकडे आहेत, आणि त्यांच्यावर प्लॅटफॉर्म, वेब प्रोफाइल व कोअर प्रोफाइल ही आपल्या छत्रीसारखी स्पेसिफिकेशन्स आहेत. तिथे काम लाटांमध्ये आखले जाते. ॲनोटेशन्स किंवा डिपेंडन्सी इंजेक्शन यांसारखी, ज्यांना इतर कोणाचा फारसा आधार लागत नाही अशी स्पेसिफिकेशन्स आधी येतात. त्यांच्यावर उभी असलेली इंटरसेप्टर्स आणि सीडीआय त्यांच्यामागून येतात, सीडीआयवर विसंबणारी फेसेससारखी आणखी पुढे, आणि प्लॅटफॉर्म सर्वांत शेवटी. प्रत्येक लाटेला पुढची लाट कशावर उभी राहणार आहे ते ठाऊक असते, त्यामुळे खालच्या लाटेतील उशीर नेमका कोणाला भोवणार आहे हे महिनोन्‌महिने आधी दिसते.

सगळे एकाच झटक्यात बदलण्याची वेळ तिथे एकदा आली होती, पण तिचे कारण वेगळे होते. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची नावे ‘जावाएक्स’ वरून ‘जकार्ता’ अशी बदलली गेली, कारण जुने नाव वापरून स्पेसिफिकेशन्स पुढे विकसित करण्याची परवानगी मिळाली नाही. सर्व्लेटमधील एखाद्या प्रकाराचे नाव बदलले की तो प्रकार आपल्या मेथडमध्ये घेणारे प्रत्येक स्पेसिफिकेशन बदलावेच लागते, त्यामुळे कोणालाही मागे राहता येत नव्हते. त्या गटांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला: नावाखेरीज दुसरे काही बदलायचे नाही आणि सर्व नवी कामे पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवायची. नवी वैशिष्ट्ये सप्टेंबर २०२२ मध्ये जकार्ता ईई १० मध्ये आली. समितीचा ‘एकच दिवस’ हा हट्ट कायम राहिला, तर त्या दिवशी मिळणारा बदल लहान असला पाहिजे ही अट आपण समितीपुढे जरूर ठेवावी.

चाचण्यांबद्दल आपण शेवटी विचारले आहे, पण माझ्या मते तारीख त्याच ठरवतात. जकार्ता ईईच्या प्रक्रियेत स्पेसिफिकेशनच्या अंतिम मंजुरीसाठी चाचणीसंच तयार असावा लागतो आणि निदान एका मुक्तस्रोत अंमलबजावणीने तो पूर्ण पार केलेला असावा लागतो. जकार्ता ईई ११ च्या वेळी सर्व्लेट ६.१, सीडीआय ४.१, पर्सिस्टन्स ३.२ अशी बहुतेक घटक-स्पेसिफिकेशन्स २०२४ मध्येच तयार झाली होती. परंतु प्लॅटफॉर्मचा जुना चाचणीसंच एकसंध आणि अवाढव्य होता. तो जुन्या साधनांवरून मेव्हन आणि जेयूनिट ५ या नव्या साधनांवर आणून सुटा करण्याचे काम त्याच काळात हाती घेतले गेले, आणि सारे रिलीज त्या कामापाशी थांबून राहिले. शेवटी कोअर प्रोफाइल डिसेंबर २०२४ मध्ये आले, वेब प्रोफाइल २०२५ च्या पूर्वार्धात आले आणि पूर्ण प्लॅटफॉर्म जून २०२५ मध्ये आला. लहान छत्री आधी आणि मोठी छत्री नंतर प्रसिद्ध करण्याचा हा मार्ग आपल्यालाही खुला आहे. फक्त ओळख, डेटा मॉडेल आणि संदेशरचना यांची एक छोटी छत्री केली, तर ज्या बँकांना हस्तांतराशी कर्तव्य नाही त्यांना पुढच्या दोन मसुद्यांची वाट पाहावी लागणार नाही.

नेटवर्क_मसुदे

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र लाटा आखण्याआधी एक काम करावे लागते आणि ते टाळले तर लाटांचा नकाशा चुकीचा निघतो. प्रत्येक मसुद्यातील प्रत्येक संदर्भ बंधनकारक आहे की केवळ माहितीपर, हे ठरवून घ्यावे. दुसरा दस्तऐवज वाचल्याशिवाय अंमलबजावणी करता येत नसेल, तर तो संदर्भ बंधनकारक होय. पार्श्वभूमी, उदाहरणे, पर्यायी मार्ग यांसाठी दिलेला संदर्भ माहितीपर असतो आणि त्यासाठी कोणी कोणाची वाट पाहण्याचे कारण नसते. इंटरनेटची प्रमाणके ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये हा भेद प्रत्येक दस्तऐवजाच्या संदर्भयादीतच केलेला असतो, आणि मंजूर झालेला मसुदा बंधनकारक संदर्भ अपुरा असेल तर संपादन-कार्यालयाच्या रांगेत ‘मिसरेफ’ (संदर्भ अजून आलेला नाही) या स्थितीत थांबून राहतो. एकमेकांत गुंतलेल्या अशा मसुद्यांचा एक समूह केला जातो, त्याला क्रमांक दिला जातो आणि समूह एकत्र प्रसिद्ध होतो.

या पद्धतीची सर्वांत मोठी कसोटी वेबआरटीसीच्या समूहात लागली. ब्राउझरमधून थेट आवाज आणि चित्र पाठवण्यासाठी लागणारे तीसहून अधिक दस्तऐवज एकमेकांचे बंधनकारक संदर्भ घेऊन बसले होते. त्यातील डेटा चॅनलच्या मसुद्याची शेवटची आवृत्ती जानेवारी २०१५ ची आहे, आणि तोच मसुदा आरएफसी ८८३१ (आयईटीएफच्या प्रसिद्ध दस्तऐवजांना आरएफसी क्रमांक मिळतो) म्हणून प्रसिद्ध झाला तो जानेवारी २०२१ मध्ये. त्या मसुद्यात स्वतःची म्हणून काही उणीव नव्हती. समूहातील सर्वांत मागे राहिलेला दस्तऐवज येईपर्यंत तो सहा वर्षे थांबला. वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचे वेबआरटीसी १.० हे शिफारसपत्रही त्याच महिन्यात, २६ जानेवारी २०२१ रोजी, आले.

यातला सर्वांत बोधप्रद भाग मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण आपली समिती ज्या गोंधळाला घाबरते तो एकत्र प्रसिद्धीनेही टळत नाही. सत्राची बोलणी कशी करायची ते सांगणारे जेएसईपी, म्हणजे आरएफसी ८८२९, आणि अनेक माध्यमप्रवाह एकाच वाहिनीतून कसे न्यायचे ते सांगणारे बंडल, म्हणजे आरएफसी ८८४३, या दोन दस्तऐवजांत एक विसंगती मंजुरीनंतर लक्षात आली. केवळ बंडलमध्येच वापरायचे म्हणून खूण केलेले प्रवाह बोलणीच्या वर्णनात कसे लिहायचे, याबद्दल दोघे वेगवेगळे सांगत होते. तेव्हा संपूर्ण समूह आणखी अडवून धरण्याऐवजी दोन्ही दस्तऐवज मंजूर झाले होते तसेच प्रसिद्ध केले गेले. विसंगती आहे, ती अमुक ठिकाणी आहे आणि सुधारित आवृत्त्या काढल्या जातील, हे आरएफसी ८८२९ च्या सुरुवातीच्याच भागात स्पष्ट लिहिले गेले. त्यानंतर बंडलची सुधारित आवृत्ती आरएफसी ९१४३ म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि जेएसईपीची आरएफसी ९४२९ म्हणून एप्रिल २०२४ मध्ये आली. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटतो. माहीत असलेला दोष दस्तऐवजातच जागच्या जागी लिहून प्रसिद्ध करणे हे अंमलबजावणी करणाऱ्याच्या दृष्टीने पुष्कळ अधिक उपयोगाचे असते, कारण त्या दोषासाठी सहा मसुदे अनिश्चित काळ अडकून राहिले तर त्याच्या हाती काहीच पडत नाही. आपल्या वेळापत्रकात अशा प्रसंगासाठी ‘ज्ञात विसंगती’ या नावाचा एक भाग आधीच ठरवून ठेवावा, आणि तो लिहिण्याचा अधिकार कोणाकडे असेल तेही ठरवावे.

वाट पाहण्याच्या काळात लोक काय करतात, हाही प्रश्न आहे. इंटरनेटवरून माहिती वाहून नेणाऱ्या क्विक या नियमावलीचे आरएफसी ८९९९ ते ९००२ मे २०२१ मध्ये आले. क्विकवर चालणाऱ्या एचटीटीपी/३, म्हणजे वेब पाने मागवण्याच्या नियमावलीच्या तिसऱ्या आवृत्तीचे, आरएफसी ९११४ मात्र जून २०२२ पर्यंत थांबले, कारण ते एचटीटीपीच्या मूळ अर्थांची नव्याने मांडणी करणाऱ्या आरएफसी ९११० चा बंधनकारक संदर्भ घेत होते. तोवर ब्राउझर आणि मोठे सर्व्हर एचटीटीपी/३ वापरतही होते. त्या अगोदरच्या मसुदा-काळात गोंधळ झाला नाही, याचे एक मोठे कारण असे की मसुद्याचा क्रमांक जोडणीच्या वेळीच सांगितला जाई. ‘एच३-२९’ म्हणणारा ग्राहक-प्रोग्राम आणि त्याच मसुद्यावर लिहिलेला सर्व्हर एकमेकांना अचूक ओळखत आणि बाकीचे जुन्या एचटीटीपीवर परत जात. आपल्या संदेशांच्या शीर्षभागात मसुद्याची खूण ठेवण्याची सोय असेल, तर ओळख-गटाला थांबवून ठेवण्याची गरजच बरीच कमी होईल.

अक्षरसंच

मला इथे थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. वरील दोन्ही उदाहरणांत तारीख कामाच्या मागे धावते, तर जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना संगणकीय संकेत देणाऱ्या युनिकोडमध्ये काम तारखेच्या मागे धावते, आणि परस्परावलंबन दाट असताना ही दुसरी पद्धत मला अधिक माणुसकीची वाटते, कारण तिच्यात कोणालाही कोणासाठी अनिश्चित काळ थांबावे लागत नाही.

युनिकोडची नवी आवृत्ती आता वर्षातून एकदा, सप्टेंबरमध्ये येते. तिच्यासोबत अक्षरांच्या गुणधर्मांच्या फाइली आणि मजकूर कुठे तोडायचा, दोन दिशांचा मजकूर कसा मांडायचा, अशा विषयांवरची परिशिष्टे येतात. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये भाषाविषयक माहितीचा सीएलडीआर आणि प्रत्यक्ष प्रोग्रामना लागणारी आयसीयू ही लायब्ररी येते. अल्फा आणि बीटा परीक्षणाच्या खिडक्या आधी जाहीर झालेल्या असतात. एखादा प्रस्ताव त्या वेळेत पिकला नाही तर तो पुढच्या वर्षाच्या आवृत्तीत जातो, आणि बाकीचे त्याच्यासाठी अडून राहत नाहीत. कोविडच्या काळात आवृत्ती १४ मार्च २०२१ वरून सप्टेंबर २०२१ वर ढकलली गेली, तेव्हा हा निर्णय जवळजवळ वर्षभर आधी, एप्रिल २०२० मध्येच, जाहीर झाला. त्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्वांना आपली आखणी हलवण्यास पुरेसा अवधी मिळाला. तारीख हलवायचीच असेल तर ती अशी हलवावी.

आपल्या लिपीशी संबंधित एक बदल जवळून पाहिला तर समन्वय म्हणजे नेमके काय, ते लक्षात येईल. ‘स्त्री’ हे अक्षर संगणकात सहा संकेतांनी लिहिले जाते: स, हलन्तचिन्ह, त, पुन्हा हलन्तचिन्ह, र आणि दीर्घ ईकार. वापरकर्त्याला एक अक्षर म्हणून दिसणारा तुकडा कुठे तोडावा हे सांगणाऱ्या परिशिष्ट २९ च्या जुन्या नियमांनुसार त्याचे ‘स्’, ‘त्’ आणि ‘री’ असे तीन तुकडे पडत. त्यामुळे कर्सर अक्षराच्या मध्येच थांबणे किंवा अक्षरसंख्या चुकीची येणे असे प्रकार घडू शकत. सप्टेंबर २०२३ च्या आवृत्ती १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे न तोडण्याचा नियम मुख्य प्रमाणकात आला, आणि आता ‘स्त्री’ हा एकच तुकडा धरला जातो. हा एक नियम लिहिण्यासाठी एक नवा गुणधर्म ठरवावा लागला, तो गुणधर्मांच्या फाइलीत प्रत्येक अक्षरापुढे भरावा लागला, गुणधर्मांचे वर्णन करणाऱ्या परिशिष्टात त्याची नोंद करावी लागली, परिशिष्ट २९ मध्ये नियम लिहावा लागला आणि चाचणीच्या फाइलीत नवी उदाहरणे घालावी लागली. यातील चार गोष्टी एका आवृत्तीत आणि पाचवी पुढच्या आवृत्तीत, असे केले असते तर एकाही अंमलबजावणी करणाऱ्याला सुसंगत चित्र मिळाले नसते.

म्हणून मला असे वाटते की ‘कोणते स्पेसिफिकेशन केव्हा’ असा विचार करण्याऐवजी ‘कोणता बदल कोणकोणत्या स्पेसिफिकेशनांना स्पर्श करतो’ अशी यादी करावी. प्रतवारीचा बदल डेटा मॉडेल, संदेशरचना आणि हस्तांतर या तिघांना स्पर्श करत असेल, तर तो तिघांतही एकाच आवृत्तीत जावा किंवा तिघांतूनही एकत्र मागे घेतला जावा. डेटा मॉडेलचा बाकीचा भाग तयार असेल तर प्रतवारी पुढच्या फेरीत ढकलून तारीख पाळता येईल का, हा प्रश्न त्या गटाला नेमकेपणाने विचारावा.

मसुदाकार

सर्वांचे मनापासून आभार. बदलांची यादी आम्ही आजच करायला घेतली आहे, आणि सुरुवातीलाच असे दिसते की प्रतवारीचा बदल सूचनांच्या मसुद्यालाही स्पर्श करतो. याची आम्हांला कल्पना नव्हती, कारण तिथे त्याचा उल्लेख एका उदाहरणातच आहे.

दोन शंका अजून उरतात. डेटा मॉडेल आणि संदेशरचना यांच्यातील गाठ अजून सुटलेली नाही, आणि तिथला संदर्भ दोन्ही बाजूंनी बंधनकारकच आहे. दुसरी शंका छत्रीबद्दल आहे. तिने प्रत्येक स्पेसिफिकेशनची नेमकी आवृत्ती सांगावी, की ‘अमुक आवृत्ती किंवा त्यापुढची’ असे म्हणावे? नेमकी आवृत्ती लिहिली तर एका किरकोळ दुरुस्तीसाठीही छत्री पुन्हा काढावी लागते.

दस्तऐवज_रूपांतर

माहिती खुणांसह लिहिण्याच्या एक्सएमएल या पद्धतीच्या जगात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे फार मोठी किंमत देऊन मिळाली आहेत. २३ जानेवारी २००७ या एकाच दिवशी डब्ल्यूथ्रीसीने एक्सएमएलमधील माहिती शोधण्याच्या व रूपांतरित करण्याच्या एक्सक्वेरी १.०, एक्सपाथ २.०, एक्सएसएलटी २.० या भाषा, त्यांचे सामायिक डेटा मॉडेल, फंक्शनांची यादी आणि त्यांच्याशी निगडित इतर, अशी आठ शिफारसपत्रे प्रसिद्ध केली. डेटा मॉडेल आणि फंक्शने सर्वांत सामायिक असल्यामुळे ती एकत्रच येणे स्वाभाविक होते, पण त्यासाठी सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने सर्वांना चालावे लागले.

पुढच्या पिढीत त्यांनी ही साखळी सैल केली आणि त्याचीही किंमत मोजली. एक्सएसएलटी ३.० ला मॅप नावाची रचना हवी होती. ती एक्सपाथ ३.१ मध्ये येणार होती, परंतु एक्सएसएलटी ३.० हे एक्सपाथ ३.० सोबतही चालले पाहिजे असे ठरले होते. म्हणून केवळ एक्सपाथ ३.० पाळणाऱ्या प्रोसेसरसाठी (म्हणजे या भाषा चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी) मॅपची व्याख्या एक्सएसएलटीच्या दस्तऐवजातही द्यावी लागली. प्रत्यक्षात एक्सपाथ ३.१ मार्च २०१७ मध्ये आणि एक्सएसएलटी ३.० जून २०१७ मध्ये आले. एकच रचना दोन ठिकाणी लिहिली की दोन्ही मजकूर शब्दाला शब्द जुळते ठेवण्याची जबाबदारी कायमची गळ्यात पडते. त्यामुळे वाट पाहणे टाळण्यासाठी त्रुटी-संकेतांचा तक्ता डेटा मॉडेलमध्ये नकलून घ्यावा, असा सल्ला आपल्याला कोणी दिला तर तो स्वीकारू नये.

छत्रीच्या बाबतीत आयएसओच्या दस्तऐवजांतील रीत उपयोगी पडेल. तिथे वर्षासह दिलेला संदर्भ फक्त त्याच आवृत्तीला लागू होतो आणि वर्षाविना दिलेला संदर्भ सर्वांत नव्या आवृत्तीला लागू होतो. ज्या स्पेसिफिकेशनची रचना संदेशाच्या बाइटांपर्यंत पोहोचते त्यासाठी नेमकी आवृत्ती लिहावी, आणि ज्यांच्यात केवळ नोंदी वाढत जातात त्यांच्यासाठी लिहू नये. वेब सेवांचे वर्णन करणाऱ्या ओपनएपीआय ३.१ ने फेब्रुवारी २०२१ मध्ये, माहितीची रचना सांगणाऱ्या जेसन स्कीमाची डिसेंबर २०२० मध्ये आलेली २०२०-१२ ही आवृत्ती मूळ आधार म्हणून नावानिशी घेतली, पण दस्तऐवज लिहिणाऱ्याला वेगळी बोली जाहीर करण्यासाठी एक जागाही ठेवली. आपल्या छत्रीत तिसरा अंक, म्हणजे केवळ मजकुराच्या दुरुस्तीचा अंक, मोकळा सोडला तर किरकोळ दुरुस्तीसाठी छत्री पुन्हा काढावी लागणार नाही. मात्र तिसरा अंक बदलताना चाचणीसंचातील एकाही चाचणीचा निकाल बदलता कामा नये, ही अट लेखी असावी.

नेटवर्क_मसुदे

त्रुटी-संकेतांच्या तक्त्याबद्दल एवढेच सांगतो की तो दोन्ही स्पेसिफिकेशनांतून बाहेर काढावा. इंटरनेटच्या प्रमाणकांत असे संकेत दस्तऐवजात अडकवून ठेवत नाहीत. दस्तऐवज फक्त नोंदवहीची रचना आणि तिच्यात नवी नोंद कोणत्या नियमाने घालायची ते सांगतो, आणि प्रत्यक्ष नोंदवही आयएएनए या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडे असते. एचटीटीपीचे स्थिती-संकेत असेच नोंदवहीत आहेत. नवा संकेत आला म्हणून एचटीटीपीची नवी आवृत्ती काढावी लागत नाही. नोंदवही हा सातवा, अगदी लहान दस्तऐवज केला की आपला नकाशा सरळ होतो: आधी नोंदवही, मग डेटा मॉडेल, मग संदेशरचना, आणि त्यानंतर हस्तांतर व सूचना एकत्र.

सर्व्हर_बाजू

याच प्रकारचे एक काम सीडीआय ४.१ मध्ये झाले आहे, ते आपल्या संपादकांना दाखवण्यासारखे आहे. सीडीआयच्या मुख्य इंटरफेसमध्ये एक्स्प्रेशन लँग्वेजशी जोडणाऱ्या दोन मेथड होत्या, त्यामुळे ज्याला त्या भाषेशी काही देणेघेणे नाही त्यालाही ती सोबत घ्यावी लागे. त्या मेथड वेगळ्या भागात हलवल्या गेल्या आणि मूळ ठिकाणच्या मेथड पुढे काढून टाकण्यासाठी खूण करून ठेवल्या गेल्या. प्लॅटफॉर्मच्या इतर भागांशी सांधणारी बरीच कलमेही सीडीआयमधून वर प्लॅटफॉर्मच्या दस्तऐवजात नेली गेली. पायातल्या स्पेसिफिकेशनने आपल्यावर कोण उभे आहे याबद्दल बोलू नये आणि सांध्याची कलमे छत्रीत असावीत, हा नियम आपल्या सहाही मसुद्यांवर लावून पाहावा. सूचनांच्या मसुद्यातील ते प्रतवारीचे उदाहरणही त्याच नियमाने छत्रीत जाऊ शकेल.

आता दिनदर्शिकेबद्दल. छत्रीच्या तारखेपासून मागे मोजत यावे. प्रत्येक लाटेला जाहीर परीक्षणाचे निदान दोन आठवडे, आलेल्या हरकतींवर काम करण्याचा वेळ आणि मतदानाचे दोन आठवडे लागतात. आपल्या नव्या नकाशात नोंदवही, डेटा मॉडेल, संदेशरचना, मग हस्तांतर व सूचना आणि शेवटी छत्री अशा पाच पायऱ्या आहेत. त्या एकामागून एक पूर्णपणे वेगळ्या ठेवल्या, तर केवळ परीक्षण आणि मतदान यांतच वीस आठवडे जातात आणि दुरुस्त्यांचा वेळ त्यावर लागतो. म्हणून खालच्या लाटेतले तांत्रिक बदल थांबल्याचे जाहीर होताच, तिचे मतदान पूर्ण होण्याआधी, वरच्या लाटेचे परीक्षण सुरू करावे, आणि मतदान फसले तरच ते परीक्षण पुन्हा घ्यावे. ओळख-गटाचे परीक्षण आणि मतदान आताच करून घ्यावे, त्याच्या मसुद्यावर ‘बदल थांबले’ अशी तारीख घालावी आणि अंतिम शिक्का छत्रीसोबत मारावा. त्या संपादकांना आणि समितीला दोघांनाही हे मान्य होईल असे मला वाटते.

चाचणीसंचाला मात्र स्वतःची लाट देऊ नये. प्रत्येक मसुद्याचे परीक्षण सुरू होताना त्याच्या चाचण्या त्याच्यासोबतच मांडलेल्या असाव्यात, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या अंमलबजावण्यांनी त्या चालवून पाहिलेल्या असाव्यात. आपल्या मसुद्याचा अर्थ दोन वाचकांनी दोन प्रकारे लावला आहे, हे प्रथम तिथेच उघड होते.

परीक्षणाच्या खिडक्या ठरवताना दिवाळीचा आठवडा आणि डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे वगळावेत. मार्चअखेर आपल्या गटातील बँकांची माणसे वर्षाच्या हिशेबात असतात, म्हणून हस्तांतराच्या मसुद्याचे परीक्षण तेव्हा ठेवू नये. त्या मसुद्यावरच्या सर्वांत महत्त्वाच्या हरकती त्यांच्याकडूनच येणार आहेत.